निवडून टाकलेला दाणा जातो कुठे?

बाजारात काय येते

अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून वर आले की मोलगी लागते. आठवडे बाजाराच्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरची भिल्ल आणि पावरा कुटुंबे इथे उतरतात. कुणाच्या डोक्यावर टोपली असते, कुणाच्या खांद्यावर फडक्यात बांधलेले गाठोडे. त्यात मोर आणि बर्टीसारखी बारीक धान्ये असतात, मका असतो, हंगामानुसार महूफुले, आमचूर, चारोळी आणि शेंगदाणे असतात. शेंगदाण्यांतले काही डोंगरउतारावरचे, काही खालच्या सपाटीवरून आलेले. माल विकायचा आणि त्याच पैशांत मीठ, तेल, मिरची, कपडा घेऊन दिवस मावळायच्या आत पाड्यावर परतायचे, असा हा व्यवहार.

घाई असते ती यासाठी. विकणाऱ्याला आजच पैसे हवे असतात आणि घेणाऱ्याला संध्याकाळच्या गाडीत पोती चढवायची असतात. माल वाळलेला आहे की ओलसर, हे बघितले जाते, पण बहुतेक वेळा वजनासाठी. ओलीचा खरा हिशेब वजनाच्या पलीकडचा आहे. या लेखात शेंगदाणा आणि चारोळी ही दोन मुख्य पात्रे आहेत. मका मधे येईल, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही.

बुरशी एक, विष दुसरे

शेंगदाण्यावर पिवळसर हिरवी भुकटी दिसते ती बहुधा अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीची. तिचे घर म्हणजे माती. शेतात, खळ्यात, जुन्या बारदानात, कोठीच्या कोपऱ्यात ती असतेच. ऊब आणि ओल मिळाली की दाण्यावर वाढते आणि वाढताना अफ्लाटॉक्सिन नावाचे रसायन तयार करते. या बुरशीचा प्रत्येक वाण विषारी नसतो. जो असतो तो पुरेसा असतो.

बुरशी डोळ्यांना दिसते, विष दिसत नाही. दाणा पुसला, उन्हात तापवला, तर बुरशी मरते किंवा झडून जाते. रसायन मात्र दाण्यातच राहते. त्याला रंग नाही, वास नाही. कुबट वासाचा दाणा धोक्याचा, हे आपल्या घरातल्या बायका पिढ्यानपिढ्या सांगत आल्या आहेत आणि ते बरोबरच आहे. पण उलट बाजूने ते लागू पडत नाही: वास नाही म्हणून दाणा चांगला, असे म्हणता येत नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते. खवटपणा वेगळा. दाण्यातले तेल हवा लागून बिघडते तेव्हा दाणा खवट लागतो. त्यात बुरशीचा हात असेलच असे नाही. खवट दाणा जिभेला कळतो, थुंकला जातो. विषारी दाणा कित्येकदा चवीने खाल्ला जातो.

हे रसायन जगाला कळले १९६० मध्ये, तेही कोंबडीवर्गातल्या एका पक्ष्यामुळे. इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. रोगजंतू सापडेना. शोध घेता घेता संशय खाद्यावर गेला. त्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती आणि पेंडीत बुरशीचे विष होते. आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत अफ्लाटॉक्सिन पहिल्या गटात आहे. माणसात कर्करोग करते हे ज्यांच्याबाबत सिद्ध झाले, त्यांचा तो गट. घाव बसतो यकृतावर. ज्याला आधीच हिपॅटायटिस बी आहे त्याच्यात हा धोका कित्येक पटींनी वाढतो.

१९७४: नर्मदेच्या पलीकडे

मोलगीच्या उत्तरेला नर्मदा. ती ओलांडून आणखी वर गेले की गुजरातचा तेव्हाचा पंचमहाल जिल्हा आणि त्याला लागून राजस्थानचा बांसवाडा. डोंगर तसेच, वस्ती बहुतेक भिल्लांचीच आणि रोजचे अन्न मक्याची भाकर. १९७४ च्या पावसाळ्याच्या शेवटी, मका काढणीला आला असताना तिथे अवेळी पाऊस झाला. कणसे भिजली. लोकांनी तीच घरात भरली, कारण दुसरे काही भरायला नव्हते.

ऑक्टोबरपासून माणसे आजारी पडू लागली. आधी ताप, उलट्या, अन्नावरची वासना जाणे, मग कावीळ, मग पोटात पाणी, पायांवर सूज. दोनशेहून जास्त गावांत हे झाले. नोंदले गेलेले रुग्ण ३९७, त्यांपैकी मृत्यू १०६. पहिला अंदाज नेहमीच्या साथीच्या काविळीचा होता आणि त्यात कुणाची चूक म्हणता येत नाही. पावसाळ्यानंतर कावीळ म्हटले की कुणीही पाण्याकडेच बोट दाखवील.

पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे कृष्णमाचारी, रमेश भट आणि त्यांचे सहकारी तिथे गेले तेव्हा काही गोष्टी जुळेनात. ज्या घरांत मका खाल्ला जात होता त्याच घरांत आजार होता. आणि कुत्री मरत होती. घरातली उरलेली भाकर खाणाऱ्या कुत्र्यांची पोटेही माणसांसारखीच पाण्याने फुगली होती. माणसाची साथीची कावीळ कुत्र्याला होत नाही. मग मका तपासला गेला. किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघाले.

हा आकडा केवढा, ते कळायला आजची मर्यादा शेजारी ठेवावी लागते. भारतात धान्यासाठी मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. म्हणजे त्या घरांतला मका आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजारपट विषारी होता आणि लोक तो रोज, आठवडेच्या आठवडे खात होते. १९७५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. पुढच्या हंगामात त्याच भागातल्या मक्यात विष अगदी कमी सापडले आणि आजारही आला नाही.

केनियात २००४ मध्ये हेच घडले. तिथेही मका, तिथेही ओल. ३१७ रुग्ण, १२५ मृत्यू. दोन्ही ठिकाणी विष बाधले ते मुख्यतः घरात साठवलेल्या मक्यातून, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शेंगदाण्याने असे एकगठ्ठा बळी सहसा घेतले जात नाहीत. कारण सोपे आहे: शेंगदाणा कुणी दोन वेळा पोटभर खात नाही. त्याचे विष थोडे थोडे, कुटातून, चटणीतून, चिक्कीतून वर्षानुवर्षे जाते आणि म्हणून त्याची बातमी होत नाही. पश्चिम आफ्रिकेत, बेनिन आणि टोगोमध्ये, ज्या लहान मुलांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिनच्या खुणा जास्त होत्या त्यांची उंची आणि वजन कमी भरल्याचे दिसले. मोलगी ज्यात येते तो नंदुरबार जिल्हा कुपोषणाच्या बातम्यांमुळे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथल्या कुपोषणाचे खापर बुरशीवर फोडणे हा अडाणीपणा ठरेल. रोजगार, स्थलांतर, दवाखान्याचे अंतर, लवकर होणारी लग्ने ही कारणे डोळ्यांसमोर आहेत. पण ज्या मुलाच्या ताटात आधीच थोडे आहे, त्याच्या यकृतावर हा जादा भार नको, एवढे म्हणायला कुठल्या नव्या संशोधनाची गरज नाही.

बुरशी बाजारात लागत नाही, बाजारात येते

दुकानातल्या पोत्याला बुरशी दिसली की दोष दुकानदाराला दिला जातो. कधी कधी तो त्याचाच असतो. पण बऱ्याचदा पोते दुकानात येण्याच्या महिनाभर आधीच गोष्ट घडून गेलेली असते.

भुईमुगाची शेंग जमिनीत वाढते, म्हणजे बुरशीच्या घरातच. शेंग धडधाकट असेल तर तिचे टरफल ही चांगली भिंत आहे. काढणीच्या आधीच्या तीन ते सहा आठवड्यांत पावसाने ताण दिला, जमीन तापली, तर दाण्याची स्वतःची प्रतिकारशक्ती कमी होते. वाळवी आणि हुमणी टरफलाला भोके पाडतात. कुदळीचा घाव बसून शेंग चिरते. बुरशी आत शिरायला एवढे पुरते. हलक्या, मुरमाड, उताराच्या जमिनीत पाण्याचा ताण लवकर बसतो आणि सातपुड्यातल्या बऱ्याच जमिनी तशाच आहेत.

मग काढणी. खरिपाचा भुईमूग निघतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परतीच्या पावसात. उन्हाळी भुईमूग निघतो मे-जूनमध्ये, वळवाच्या पावसात. दोन्ही वेळा आभाळाकडे बघत काम चालते. उपटलेल्या वेलांचे ढीग घालून ठेवले की ढिगाच्या आत ऊब धरते. ताज्या शेंगेत ओल ३५ ते ५० टक्के असते आणि ती लवकरात लवकर १० टक्क्यांच्या खाली आणायची असते. या मधल्या चार-पाच दिवसांत जो शेतकरी चुकतो, त्याची चूक नंतर कुणीच दुरुस्त करू शकत नाही.

एक प्रकार असा आहे की तो बघितल्याशिवाय पटत नाही. हाताने शेंगा फोडताना दाणा फुटू नये, बोटे सोलू नयेत आणि दाणा टपोरा दिसावा म्हणून फोडण्याआधी शेंगांवर पाण्याचा शिपका मारतात. काही ठिकाणी शेंगा चक्क भिजवून घेतात. उन्हात आठवडाभर वाळवलेली शेंग दहा मिनिटांत पुन्हा ओली. असे दाणे लगेच पोत्यात गेले की आत नेमके तेच होते जे टाळायला सगळी खटपट केली होती. पाणी मारणारी बाई काही फसवत नसते. तिला फुटक्या दाण्याला भाव मिळत नाही, म्हणून ती पाणी मारते. भावाची रीतच तिला हे करायला लावते.

दुकानात पोचल्यावर मग दुकानाची पाळी. पत्र्याच्या छपराखाली, मातीच्या किंवा फरशीच्या जमिनीवर थेट ठेवलेले पोते खालून ओल ओढते. पावसाळ्यात सातपुड्यात दिवसचे दिवस धुके आणि रिपरिप असते. हवेत एवढी ओल असते की वाळलेला दाणाही ती शोषून घेतो. २५ ते ३५ अंश तापमान आणि ८० टक्क्यांहून जास्त आर्द्रता बुरशीला मानवते. आता पंचांग काढून बघा. आषाढ, श्रावण, भाद्रपद: हेच आपले उपवासाचे दिवस. साबुदाण्याच्या खिचडीला, भगरीच्या आमटीला कूट लागते ते नेमके याच महिन्यांत. म्हणजे भरपूर शेंगदाणा आपण वर्षातल्या सर्वांत दमट दिवसांत, आणि बहुधा जुन्या साठ्यातला, खातो.

चारोळीची तऱ्हा वेगळी

चारोळीचे झाड जंगलातले. लावणी नाही, खत नाही. फळे उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या सुमारास तयार होतात. वरचा गर काढण्यासाठी फळे रात्रभर पाण्यात भिजवतात, दुसऱ्या दिवशी हाताने किंवा बारदानावर चोळून धुतात आणि आतली कठीण बी उन्हात वाळवतात. ती बी जात्यात हलक्या हाताने भरडली, की मसुरीएवढा दाणा मोकळा होतो. बासुंदीवर, श्रीखंडावर दिसते ती चारोळी हीच.

जोवर दाणा कवचात आहे तोवर त्याला फारसे काही होत नाही. त्याचे कवच शेंगेच्या टरफलापेक्षा कितीतरी टणक. कवच फुटल्यावर मात्र तो अगदी उघडा पडतो. त्यात निम्म्याच्या आसपास तेल असते. भरडताना काही दाणे चिरतात, त्यांचे तुकडे होतात आणि चिरलेला दाणा आधी खवट होतो, आधी बुरशी धरतो. त्यात हंगामाची वेळ अशी की भिजवणे, वाळवणे, भरडणे हे सगळे मिरगाच्या आत उरकावे लागते. उशीर झाला तर बी ओलसर राहते.

केंद्र सरकारच्या गौण वनोपजांच्या आधारभूत किमतीच्या यादीत चारोळी आहे ती बीसकट, म्हणजे कवचातली. माझ्या मते पाड्यावरच्या माणसाला तेच फायद्याचे. कवचासकट बी घरात महिनोन्‌महिने राहते, त्यामुळे पडत्या भावाला विकायची सक्ती नसते. फोडलेल्या चारोळीला किलोमागे भाव जास्त मिळतो खरा, पण ती पावसाळ्यात घरात ठेवता येत नाही. म्हणजे भाव पाडून मागितला तरी देणे भाग. ग्रामसभेने किंवा बचत गटाने भरडायचे काम हाती घ्यायचे ठरवले, तर भरडून झाल्या दिवशीच हवाबंद भरायची सोय आधी हवी, यंत्र नंतर.

एक दाणा, एक पोते

तपासून घेतले की झाले, असे शहरात बसून वाटते. इथे गणित आडवे येते.

थेट खायच्या शेंगदाण्यासाठी आणि इतर सुक्या मेव्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम आहे. पुढे प्रक्रिया करायच्या मालासाठी १५. युरोपीय संघात थेट खायच्या शेंगदाण्याला फक्त ४. आता दुसरा आकडा. पूर्ण सडलेल्या एकेका दाण्यात दाण्याच्या वजनाच्या हजाराव्या हिश्शाइतके, म्हणजे एका ग्रॅममागे एक मिलिग्रॅम, विष सापडलेले आहे. अर्ध्या ग्रॅमचा असा एक दाणा घ्या. त्यात ५०० मायक्रोग्रॅम विष झाले. ते १० ने भागा: ५० किलो. म्हणजे ५० किलोच्या निर्मळ पोत्यात असा एकच दाणा पडला, तरी सगळे पोते कायद्याच्या मर्यादेला टेकते.

याचा दुसरा अर्थ असा की त्या पोत्यातून मूठभर दाणे काढून तपासले, तर तो एक दाणा मुठीत येण्याची शक्यता जवळजवळ नाही. अहवाल स्वच्छ येतो, पोते तसेच राहते. म्हणून युरोपात मोठ्या खेपेतून अनेक ठिकाणचे दाणे उचलून २० किलोपर्यंतचा नमुना घेतात, सगळा दळून एकजीव करतात आणि मग तपासतात. मोलगीच्या बाजारात टोपलीभर दाणे घेऊन आलेल्या बाईच्या मालावर ही पद्धत चालवायची म्हटले, तर नमुन्यातच तिची टोपली संपेल.

म्हणून छोट्या बाजारात प्रयोगशाळेवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेने कमी खर्चाच्या तपासणी संचांवर काम केले आहे. ते व्यापाऱ्याच्या गोदामात, शेतकरी कंपनीत, तेल गिरणीत उपयोगाचे. पाड्यावर उपयोगाची आहेत ऊन आणि सूप.

टाकलेला दाणा

विष मोजक्या दाण्यांत साठते, ही जशी अडचण आहे तशीच सोयही आहे. डागी, सुरकुतलेले, काळपट, फुटके, किडके दाणे हाताने निवडून काढले की मालातले बरेचसे विष त्यांच्याबरोबर निघून जाते. निर्यातीचा शेंगदाणा जगभर असाच साफ होतो, आधी चाळणीने, मग रंग ओळखणाऱ्या यंत्राने, शेवटी पट्ट्याशेजारी बसलेल्या बायकांच्या हाताने. युरोपात जाणाऱ्या भारतीय शेंगदाण्यावर तिथे जादा तपासणी असते, म्हणून शेतमालाच्या निर्यातीचे काम बघणाऱ्या 'अपेडा' या केंद्र सरकारच्या संस्थेने या मालाचा माग ठेवायला पीनट.नेट नावाची संगणकीय व्यवस्थाच उभी केली.

इथवर सगळे नेटके आहे. प्रश्न पुढचा आहे. निवडून बाजूला काढलेला ढीग कुठे जातो?

तो फेकला जात नाही. दाणा म्हणजे तेल, आणि तेल म्हणजे पैसा. तो स्वस्तात घाण्याला जातो. कुटाला जातो, मसाल्याच्या चटणीला जातो. कूट झाल्यावर डाग दिसत नाही. ढोरांपुढे जातो, कोंबड्यांपुढे जातो. आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरात वेगळेच घडते. विकायला न्यायचा माल सुपात घोळून, निवडून, चांगला चांगला गाठोड्यात बांधतात. मागे सुपात जे उरते, ते घरच्या वापराला. चांगला दाणा घाट उतरून जातो, डागी दाणा पाड्यावर राहतो. यात कुणाचा कट नाही, कुणाची लबाडी नाही. गरिबी असलेल्या प्रत्येक घरात दूध विकून ताक पितात, तसेच हे. फक्त ताकात विष नसते.

घाण्याचे काय होते तेही बघू. तेल काढले की विषाचा मोठा वाटा पेंडीत राहतो, थोडा तेलाबरोबर येतो. कारखान्यात तेलाचे शुद्धीकरण होताना अल्कलीच्या प्रक्रियेत तो निघून जातो. लाकडी घाण्याच्या किंवा गावच्या गिरणीच्या कच्च्या तेलात ती पायरी नसते. घाण्याचे तेल चांगले की रिफाइंड, या वादात पडायचे कारण नाही; पण घाण्याचे तेल घेणाऱ्याने दाणा कोणता वापरता हे विचारायलाच हवे. चांगल्या दाण्याचे घाण्याचे तेल चांगलेच. निवडून टाकलेल्या दाण्याचे तेल सोनेरी दिसले तरी घेऊ नये.

पेंड गाईम्हशींना जाते. त्यांच्या यकृतात अफ्लाटॉक्सिनचे रूप बदलून त्यातला थोडा भाग, साधारण शंभरात एक ते तीन, दुधात उतरतो. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये दुधाच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल दिला. ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये, म्हणजे ५.७ टक्क्यांत, हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले. दुधात पाणी किती यावर आपल्याकडे केवढी चर्चा होते! त्या अहवालातला मोठा प्रश्न भेसळीचा नव्हताच, चाऱ्याचा आणि पेंडीचा होता.

भाजले, धुतले, तळले तर?

भाजल्याने विष काही प्रमाणात कमी होते, संपत नाही. शुद्ध अफ्लाटॉक्सिन विघटायला २५० अंशांच्या आसपास तापमान लागते आणि तोवर दाण्याचा कोळसा झालेला असतो. उकडून, तळून, कुकरला लावून फारसे काही साधत नाही. धुण्याने वरची बुरशी जाते आणि दाणा ओला होतो, म्हणजे काम वाढते. भाजून साल पाखडली की डागी दाणे स्पष्ट दिसतात, हा भाजण्याचा खरा उपयोग.

वाळवणे

सगळ्यांत जास्त फरक पाडणारी गोष्ट सगळ्यांत साधी आहे. वेल उपटल्यावर ढीग घालू नये. उलटे ठेवावेत, पाला खाली आणि शेंगा वर, म्हणजे वारा आणि ऊन शेंगांना लागते. दोन-तीन दिवसांनी शेंगा तोडाव्यात. फुटक्या, भोके पडलेल्या, मातीत सुटून राहिलेल्या शेंगा मुख्य मालात मिसळू नयेत, कारण विष बहुतेक त्यांच्यातच असते. मग शेंगा ताडपत्रीवर पातळ पसराव्यात, मातीवर नव्हे, आणि दिवसातून तीन-चार वेळा हलवाव्यात. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकाव्यात. आभाळ भरून आले तर छपराखाली, पण ढिगात नको, पातळच.

वाळली की नाही हे ओळखायला यंत्र नको. शेंग कानाशी धरून हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. फोडून दाणा दोन बोटांत चोळला की साल सुटली पाहिजे आणि दातांखाली तो कट्‌कन तुटला पाहिजे. चिवट लागला तर ओल आहे. साठवायची ती शेंगच, दाणा नव्हे. विकायच्या आधी लागेल तेवढीच फोडावी, कोरडीच फोडावी.

पोती भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर किंवा बांबूच्या तट्ट्यावर ठेवावीत. खताचे, जुन्या धान्याचे बारदान वापरू नये. आता तीन पदरी हवाबंद पिशव्या मिळतात. त्यांत बाहेरची हवा जात नाही आणि आतला प्राणवायू संपत जातो, म्हणून कीड आणि बुरशी दोन्ही थांबतात. मात्र त्यांत माल पूर्ण वाळलेलाच भरायचा. मक्याच्या बाबतीत सातपुड्यातली बियाण्याची कणसे चुलीवर, धुरात टांगून ठेवायची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. खायच्या मक्यालाही ती जमेल तितकी लावावी. पावसाने भिजलेली कणसे वेगळी ठेवावीत आणि आधी वाळवावीत, मग सोलावीत.

शेतातच बंदोबस्त करायचा तर ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया, फुलोऱ्यात जिप्सम आणि शेंगा भरताना जमले तर एखादे पाणी. यातले आपल्या जमिनीला काय लागू पडेल ते नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येते.

घेणाऱ्याने काय बघावे

शेंगदाणे पावसाळ्यात महिन्याचे एकदम भरू नयेत, आठवड्याचे घ्यावेत. मूठभर घेऊन तळहातावर पसरावेत: रंग एकसारखा हवा, साल घट्ट हवी. दोन-चार दाणे फोडून आत बघावे. कित्येकदा वरून छान दिसणाऱ्या दाण्याच्या दोन फाकांच्या मध्ये करडी बुरशी बसलेली असते. तयार कूट घेऊ नये. घरी केलेले कूटही पावसाळ्यात आठवडाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. चारोळी घेताना तुकडे जास्त दिसले, पिवळी पडलेली वाटली, तर सोडून द्यावी. ती महाग असते म्हणून जपून वर्षभर पुरवायची सवय अनेक घरांत आहे. त्यापेक्षा पन्नास ग्रॅमच आणावी, फ्रीज असेल तर त्यात ठेवावी. एखादा दाणा कडू लागला तर लहान मुलालाही थुंकायला शिकवावे, 'अन्नाला नाव ठेवू नये' हे तिथे लागू करू नये.

टाकायचे म्हणजे कुठे टाकायचे

निवडलेले डागी दाणे कोंबड्यांना घालू नयेत, बकरीला नाही, बैलालाही नाही. बदकाची पिले या विषाला फार लवकर बळी पडतात, कोंबडीच्या पिलांनाही ते बाधते. चुलीत जाळावेत किंवा खड्ड्यात पुरावेत. बुरशीने भरलेला ढीग हलवताना नाकातोंडाला पदर किंवा रुमाल बांधावा.

पण हे सांगणे सोपे. पायलीमागे ओंजळभर दाणे चुलीत घालायला सांगायचे, तर त्या ओंजळीची किंमत कुणीतरी उचलली पाहिजे. आज बाजारात वाळलेल्या, निवडलेल्या मालाला आणि ओलसर, मिसळ मालाला मिळणाऱ्या भावात फरक थोडा असतो, आणि ओलीचे वजन तोही भरून काढते. गट करून विकणाऱ्यांनी, ग्रामसभांनी आणि खरेदी केंद्रांनी दोन वेगळे दर आधीच जाहीर केले, खरेदीच्या जागी ओल मोजायचे साधे यंत्र ठेवले आणि निवडून काढलेले दाणे वजन करून तिथेच ताब्यात घेऊन नष्ट केले, तर ते घाण्यापर्यंत पोचणार नाहीत आणि घरच्या सुपातही उरणार नाहीत. ओल मोजणारे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. एका बाजाराला एक पुरते.